रात्री परसात कोण येऊन जातं?

या महिन्याच्या टपालात बागेत रात्री शिरणाऱ्यांबद्दलची पत्रं सर्वांत जास्त आली. त्यातली काही निवडून उत्तरं देते आहे. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यातच माझं नोकरीचं आयुष्य गेलं, त्यामुळे तारा आणि सेन्सर यांच्याबद्दल लिहिताना हात आखडत नाही. पण पहिल्या पत्राच्या उत्तरात विजेपेक्षा माती जास्त आहे, आणि ते मुद्दाम.

प्रश्न : आम्ही देवरुखजवळ राहतो. घरी मी, सासूबाई आणि शाळेत जाणारा मुलगा. यजमान मुंबईला नोकरीला. घरामागे दहा-बारा गुंठ्यांचं परस आहे. यंदा लावलेल्या नारळाच्या रोपांपैकी तीन बुंध्याशी कुरतडून आडवी पडली. रताळ्यांच्या वाफ्यात रोज सकाळी नवा खड्डा. रात्री खुसफूस ऐकू येते, पण बॅटरी मारली की काही दिसत नाही. कॅमेरे बसवायचे तर खर्च वीस हजारांच्या घरात सांगतात. शेजारचे भावजी म्हणतात, कुंपणाला उघडी तार बांधून रात्रीपुरता करंट सोडा, दोन दिवसांत बंदोबस्त होईल. माझ्याकडे हजार-दीड हजार रुपये आहेत. काय करू?

उत्तर : ताई, आधी भावजींच्या सल्ल्याचं बोलते, कारण बाकी सगळं चार दिवस थांबलं तरी चालेल, हे नाही. तसली तार बांधू नका आणि त्यांनाही बांधू देऊ नका. घरातली वीज 230 व्होल्टची. ती अंगातून गेली की स्नायू आवळले जातात आणि तार धरलेला हात सुटतच नाही. पहाटे काटक्या वेचायला गेलेली बाई, गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) गेलेला चेंडू आणायला धावलेलं पोर, सुटलेल्या म्हशीमागे गेलेला गुराखी, यातलं कोणीही त्या तारेवर जाऊ शकतं. तुमच्या घरात शाळकरी मुलगा आहे. अशा तारेने माणूस दगावला तर तार बांधणाऱ्यावर मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. जनावर मेलं तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. त्या कायद्यात फास लावणं आणि विष घालणंसुद्धा शिकारच समजतात. शेतकरी वापरतात ते झटका मशीन वेगळं. त्यात सेकंदाला साधारण एक ठोका, तोही क्षणाच्या बारीक अंशापुरता, तारेत जातो, म्हणून जनावर दचकून मागे हटतं, चिकटून राहत नाही. पण ते दुकानातलं तयार यंत्रच घ्यावं लागतं, आणि तुमच्या एवढ्याशा परसाला त्याची गरज आहे असं मला वाटत नाही.

आता येणारा कोण ते शोधू. ते कळेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी वाफ्याभोवती आणि गडग्याला जिथे खिंड पडली असेल तिथे दोन हात रुंदीचा पट्टा झाडून घ्या. रेती चाळायच्या चाळणीने त्यावर बोटाच्या एका पेराइतकी बारीक माती पसरा, वरून पाण्याचा हलका शिपका मारा आणि फळीने सारखी करा. माती फार ओली झाली तर ठसा फसकटतो, कोरडी राहिली तर ढासळतो; मुठीत धरून सोडल्यावर गोळा राहील इतपत ओल हवी. सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी जाऊन बघा. बॅटरी ठशावर वरून मारू नका, जमिनीलगत आडवी धरा, म्हणजे सावलीत कडा उठून दिसतात. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, म्हणजे नंतर आकाराचा अंदाज येतो.

दोन खूर आणि त्यांच्या मागे बाजूला दोन ठिपके दिसले तर रानडुक्कर. ते आलं की माती नांगर फिरवल्यासारखी लांबच लांब उलटलेली असते. तुम्ही लिहिता ते वेगळे वेगळे खड्डे आणि बुंध्याशी कुरतडणं मला साळिंदराचं वाटतं. त्याचा ठसा लहान मुलाच्या पावलासारखा सपाट, पुढे नख्यांच्या खुणा. कधी मागे काटे घासटल्याच्या बारीक रेघा सापडतात, आणि एखादा काळा-पांढरा काटा मिळाला तर शंकाच उरत नाही. पडलेलं नारळाचं रोप टाकून देऊ नका. कुरतडलेली जागा उजेडात धरून पाहा: साळिंदराच्या पटाशीच्या दातांचे रुंद चर शेजारी-शेजारी दिसतात, बारीक छिन्नी चालवल्यागत. घुशीचे दात त्यामानाने अरुंद, आणि घूस असेल तर जवळपास कुठेतरी बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असणारच. पपई आतून पोखरलेली आणि गडग्यावर बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर उदमांजर, ज्याला पुष्कळ ठिकाणी कांडेचोर म्हणतात. झाडाखाली चघळून थुंकलेला चोथा दिसला तर वटवाघूळ. पानांवर चकाकती रेघ असेल तर गोगलगाय. आणि केळीचा घड तिरक्या, गुळगुळीत घावाने तुटलेला असेल तर तो कोयता. जनावर असं कापत नाही. बोटं उमटलेला गोल मोठा पंजा दिसला आणि कुठेही नख्यांची खूण नसेल, तर तो मांजराच्या कुळातला. कुत्र्याच्या ठशात नखं दिसतात. पंजा तळहाताच्या निम्म्याहून मोठा वाटला तर मुलाला संध्याकाळनंतर परसात पाठवू नका आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

साळिंदराची येण्या-जाण्याची वाट बहुधा ठरलेली असते, आणि तुमच्या कामाची गोष्ट हीच. वाट सापडली की तिथेच घंटा बांधायची. दरवाजा उघडला की किंचाळणारे छोटे चुंबकी अलार्म विजेच्या सामानाच्या दुकानात दीड-दोनशे रुपयांना मिळतात. एक भाग बॅटरीचा, दुसरा नुसतं चुंबक. दोन्ही लांब गेले की आवाज. बॅटरीचा भाग खुंटीवर पक्का करा आणि त्यावर प्लॅस्टिकचा डबा उपडा घाला, म्हणजे पावसाने भिजणार नाही. चुंबकाला मासे पकडायचा तंगूस बांधा आणि तो वाटेवरून पलीकडच्या खुंटीला न्या. साळिंदरासाठी जमिनीपासून वीतभर उंची पुरे, डुकरासाठी गुडघ्याएवढी. तंगूस फार ताणू नका, नाहीतर वाऱ्याने चुंबक सुटेल, सैलही नको. चुंबक आणि बॅटरीचा भाग यांच्यामध्ये पुठ्ठ्याची पातळ चकती ठेवली तर ते हलक्या धक्क्याला सुटतं. अशा दोन घंटा लावल्या तरी तुमचा खर्च चारशेच्या आत राहील.

उरलेल्या पैशांची बारीक भोकांची जाळी आणा. प्रत्येक रोपाभोवती कडं करा, अर्धा फूट जमिनीत पुरून, दोन फूट वर ठेवून. घंटा वाजली की उठून बाहेर धावायचं नाही. खिडकीतून प्रकाश टाकायचा, थाळी वाजवायची. साळिंदराला कोंडीत धरलं तर ते उलटं वळून काटे रुतवतं आणि कुत्र्यांना त्याने फार वाईट जखमा होतात, म्हणून कुत्रा बांधूनच ठेवा.

प्रश्न : पुण्यात आमचा जुना बंगला आहे. कुंपणाच्या आत वडिलांनी वाढवलेलं चंदनाचं झाड आहे. मागच्या गल्लीतलं चंदन एका रात्रीत कापून नेलं. त्यांच्याकडे कॅमेरे होते. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं त्यात व्यवस्थित दिसतात, पण ती दिसली सकाळी. मी आणि पत्नी दोघेही सत्तरीच्या पुढचे. झाड वाचवण्यासाठी काही स्वस्त उपाय आहे का?

उत्तर : काका, तुमच्या पत्रातलं "पण ती दिसली सकाळी" हे वाक्य मी अधोरेखित केलं आहे. कॅमेरा आठवण ठेवतो, जागं करत नाही. तुम्हाला जागं करणारी वस्तू हवी, आणि ती थोडक्या पैशांत होते.

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून 36 गेजची एनॅमलची (वर वार्निशसारखा वीजरोधक थर असलेली) तांब्याची तार थोडी वजनावर घ्या. केसाहून थोडी जाड, रात्री दिसतही नाही. चोर बुंधा जमिनीलगत किंवा गुडघ्याच्या आसपास कापतात, म्हणून जमिनीपासून छातीपर्यंत बुंध्याभोवती चार-चार बोटांच्या अंतराने तार गुंडाळत न्या. जुन्या सायकल-ट्यूबच्या पट्ट्या सालीवर ठेवून त्यावरून तार घ्या आणि जरा सैल ठेवा. झाड वाढत असतं, आवळलेली तार सालीत रुतली तर झाडालाच अपाय होईल. तारेची दोन्ही टोकं साध्या दुपदरी वायरला जोडून ती वायर तुमच्या झोपायच्या खोलीत आणा. जोडायच्या जागी एनॅमल ब्लेडने खरवडून मगच सोल्डर करा. तसं केलं नाही तर वरून जोड ठीक दिसतो आणि आत वीज जातच नाही. माझे विद्यार्थी इथेच अडायचे.

खोलीत लागतं एवढंच : 9 व्होल्टची बॅटरी, बीसी 547 ट्रान्झिस्टर, 100 किलोओहमचा एक रेझिस्टर, छोटा बझर आणि दिवसा बंद करायला एक खटका. ट्रान्झिस्टरला कलेक्टर, बेस आणि एमिटर असे तीन पाय असतात. बझर बॅटरीच्या धन टोकापासून कलेक्टरपर्यंत, एमिटर ऋण टोकाला, रेझिस्टर धन टोकापासून बेसपर्यंत. झाडाभोवतीची तार बेस आणि एमिटर यांच्यामध्ये. तार अखंड आहे तोवर रेझिस्टरमधून येणारा थेंबभर प्रवाह तारेतूनच निघून जातो आणि ट्रान्झिस्टर झोपलेला राहतो. करवतीने तार तुटली की तोच प्रवाह बेसमध्ये शिरतो आणि बझर वाजू लागतो. तार पुन्हा जोडेपर्यंत किंवा खटका बंद करेपर्यंत तो वाजतच राहतो. जागता पहारा देताना हे सर्किट 0.1 मिलिअँपियरपेक्षाही कमी प्रवाह घेतं, त्यामुळे चांगल्या अल्कलाइन बॅटरीवर चार-पाच महिने सहज निघतात. शंभर मीटर तार गेली तरी तिचा रोध साठ ओहमच्या आसपास, म्हणजे 100 किलोओहमपुढे काहीच नाही. अंतराची काळजी करू नका. वळवाच्या दिवसांत वीज कडाडू लागली तर वायर काढून ठेवा. इतकी लांब तार विजेचे झटके ओढून घेते आणि ट्रान्झिस्टर जातो. तो पाच-दहा रुपयांचा असतो, दोन जास्तीचे आणून ठेवा. शेजारच्या गल्लीतल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याला हा मजकूर दाखवलात तर तो बसल्या जागी जोडून देईल.

आता माझं एक कळकळीचं मागणं. घंटा वाजली तरी दार उघडू नका. चंदनचोर एकटे येत नाहीत आणि करवतीबरोबर इतरही हत्यारं आणतात. आतूनच बाहेरचे सगळे दिवे लावा, 112 ला फोन करा, शेजाऱ्यांना फोन करा. यासाठी बाहेरच्या दिव्यांचं बटण पलंगाजवळ घेता आलं तर त्यावर खर्च करा. मला तो कॅमेऱ्यापेक्षा मोलाचा वाटतो. झाड गेलं तर दुःख होईल, वडिलांचं झाड आहे. पण तुम्ही दोघं त्याहून महत्त्वाची.

आठवड्यातून एकदा बुंधा नीट न्याहाळा. झाडात सुगंधी गाभा धरला आहे का हे पाहायला चोर बरेचदा आधी बुंध्याला बारीक भोक पाडून जातात आणि ते मातीने बुजवतात. असं ताजं भोक दिसलं तर त्याच दिवशी पोलीस चौकीत लेखी कळवून पोच घ्या. आणि धास्तीने झाड स्वतःच तोडावंसं वाटलं तर लक्षात ठेवा, 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याखाली चंदन येतं. घरच्या आवारातलं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही.

प्रश्न : अकोल्यात घरामागच्या बागेत सोलरचा सेन्सर दिवा लावला. डिसेंबरात मांजर गेलं तरी लागायचा. मे महिन्यात मी स्वतः समोरून चालत गेलो तरी लागला नाही. दिवा बिघडला का? पावसापासून वाचवायला मी त्यावर काचेची बरणी बसवली आहे. आणि जुना मोबाइल कॅमेरा म्हणून लावला तर चालेल का?

उत्तर : दिवा बिघडलेला नसावा. आधी बरणी काढा. या सेन्सरला पीआयआर म्हणतात. तो अंगातून निघणारी उष्णता पाहतो, आणि साधी काच ती उष्णता अडवते. सेन्सरचा पांढरा घुमट काचेचा नसून खास प्लॅस्टिकचा असतो तो त्यामुळेच. पावसासाठी तीन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा चिरून त्याची वळचण करा. तिच्यामुळे बाजूचं ऊनही अडतं.

मे महिन्याचं कारण तुमच्या गावाची हवा. हा सेन्सर उष्णता मोजत नाही, सभोवार आणि अंग यांच्यातला फरक हलताना पाहतो. माणसाच्या कातडीचं तापमान 33-34 अंश. अकोल्यात मे महिन्यात सूर्य मावळल्यावरही भिंत आणि फरशी तितक्याच गरम असतात, मग त्याला तुम्ही दिसणार कसे? पहाटे फरशी निवली की तोच दिवा पुन्हा शहाणा होतो. सेन्सर तापलेल्या भिंतीकडे किंवा सिमेंटच्या वाटेकडे तोंड करून लावू नका. माती, हिरवळ, पाणी घातलेल्या वाफ्यांकडे वळवा. दुसरं, तुम्ही थेट समोरून चालत गेलात. हा सेन्सर आडवं जाणारं चटकन टिपतो, सरळ अंगावर येणारं उशिरा. त्यामुळे तो फाटकासमोर न लावता वाटेच्या कडेला, वाट आडवी पडेल असा लावा, सहा-सात फूट उंचीवर. समोर केळीचं पान किंवा वेल हलत असेल तर छाटा.

तयार दिव्याऐवजी सुटा सेन्सर आणून घंटी करायची असेल तर एचसी-एसआर 501 हा शंभर रुपयांच्या आसपास मिळतो. त्यावर दोन पिळायचे खटके असतात, एक अंतराचा, एक किती वेळ चालू राहायचं त्याचा. वीज दिल्यावर पहिला एक मिनिट तो उगाच चालू-बंद होतो, घाबरून परत करू नका. दुकानदार आरसीडब्ल्यूएल 0516 नावाचा स्वस्त रडार सेन्सर हातात देईल. तो बागेसाठी घेऊ नका. पावसाची सर आणि हलणारी फांदी त्याला माणसाइतकीच खरी वाटते.

मोबाइलचं म्हणाल तर काळोखात त्याला काही दिसत नाही. सेन्सर दिव्याच्या उजेडात, खिडकीच्या आतून ठेवलात तर थोडं काम देईल. सतत चार्जरला लावून ठेवू नका, बॅटरी फुगते. रात्री पाहणारा वायफाय कॅमेरा घेतलात तर आठवड्याला त्यावरची कोळिष्टकं पुसा. त्याच्या दिव्याकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि रात्रभर फोनवर खोटे इशारे येत राहतात. कॅमेऱ्याचं तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीकडे नको.

प्रश्न : सांगलीत राहते. पहाटे अंधारातच कोणीतरी कुंपणातून हात घालून अनंताची आणि जास्वंदीची फुलं नेतं. माझ्या देवाला फूल उरत नाही. सेन्सर लावू का?

उत्तर : आजी, लावू नका. सेन्सरने कळेल ते तुम्हाला बहुधा आधीच माहीत असतं: रोज फिरायला जाणाऱ्यांपैकी कोणीतरी. कुंपणाच्या आतल्या बाजूला फांदीला घुंगरांची एक जोडी दोऱ्याने बांधा. हात लागला की वाजतील, आणि तुम्ही आतून "कोण आहे?" म्हणा. बहुतेक वेळा तेवढ्यावर थांबतं. तरीही तीच व्यक्ती येत राहिली तर सरळ बोलावून सांगा की दोन फुलं मागून घेऊन जा, कळ्या तोडू नका. देवाची फुलं आदल्या संध्याकाळी टपोऱ्या कळ्या असतानाच खुडून ओल्या फडक्यात ठेवा. अनंताची कळी सकाळपर्यंत छान उमलते.

प्रश्न : फोंड्याजवळ कुळागर (नारळ-पोफळीची बाग) आहे. सापांसाठी असा काही सेन्सर मिळतो का?

उत्तर : पीआयआर सेन्सरला साप दिसत नाही, कारण त्याचं अंग भोवतालच्या मातीइतकंच गार किंवा गरम असतं. साप ओळखतो म्हणून विकलं जाणारं यंत्र घेऊन त्यावर विसंबू नका. जे पैसे घालणार होतात त्यांची चांगली बॅटरी आणि घोट्याच्या वर येणारे रबरी बूट घ्या, आणि कुळागरात काळोख पडल्यावर या दोन्हींशिवाय पाऊल टाकू नका. सोललेल्या नारळांची सोडणं आणि झावळ्यांचे ढीग घरापासून लांब रचा. तिथे उंदीर राहतात आणि उंदरांमागे साप येतात. मण्यार रात्री घरात शिरून जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि तिचा दंश बरेचदा दुखतही नाही, म्हणून खाली झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचून घ्या. दंशाची नुसती शंका आली तरी बांधणं-कापणं काही न करता 108 ला फोन करा आणि जिथे प्रतिविष आहे अशा सरकारी रुग्णालयात जा. तुमच्या सर्वांत जवळचं असं रुग्णालय कोणतं, ते आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा.